चालीवरून कंपवात ओळखणारे जेम्स पार्किन्सन

दरवर्षी ११ एप्रिल हा दिवस जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळण्यात येतो. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. हातांचा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि आवरता न येणारी पावले ही एकाच स्वतंत्र आजाराची लक्षणे असल्याचे त्यांनी पद्धतशीरपणे मांडले.

पार्किन्सन यांचा जन्म १७५५ मध्ये लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली शिकून १७८४ मध्ये त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून मान्यता मिळवली. सामान्य जनतेला संसदेत प्रतिनिधित्व मिळावे यासाठी त्यांनी टोपणनावाने पत्रके लिहिली. राजे तिसरे जॉर्ज यांच्या हत्येच्या कथित कटाप्रकरणी १७९४ मध्ये त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे जबाब द्यावा लागला. जीवाश्मांच्या अभ्यासातही त्यांनी नाव मिळवले. १८०७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे ते संस्थापक सदस्य होते.

कंपवातावरील त्यांचा ६६ पानांचा निबंध १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांपैकी तिघे त्यांना रस्त्यात दिसले होते आणि एकाला तर त्यांनी केवळ दुरूनच पाहिले होते. शरीराचा भार पुढे कलल्याने तोल सावरण्यासाठी रुग्ण लहान लहान पावले भराभर टाकतो आणि इच्छा नसतानाही जवळजवळ धावू लागतो, हे त्यांनी अचूक टिपले.

या रुग्णांपैकी कोणाचेही शवविच्छेदन त्यांना करता आले नव्हते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या वरच्या भागात दोष असावा, हा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. मात्र इतरांनी या आजाराचा शोध घ्यावा, या हेतूने त्यांनी अपुरा पुरावा असल्याची कबुली देऊनच निबंध प्रसिद्ध केला.

२१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नव्हती. सुमारे अर्धशतकानंतर फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तें शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मेंदूतील कृष्णद्रव्य या भागातील पेशींचा ऱ्हास या आजारात होतो, हे १९१९ मध्ये निदर्शनास आले. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध उपयोगात आले. त्यामुळे हालचाली सुधारतात, परंतु आजार समूळ बरा करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही.

पार्किन्सन यांचे एकही खात्रीलायक चित्र आज उपलब्ध नाही.