टर्बो चालतो हे दाखवायला इंजिन ट्रकवर टाकून १४ हजार फुटांवर नेणारा माणूस : डॉ. सॅनफोर्ड मॉस

ट्रकच्या नाहीतर जुन्या एसयूव्हीच्या इंजिनाच्या नावात टीसीआयसी अशी चार अक्षरं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड. गाड्या मॉडिफाय करणाऱ्या पोरांच्यात तर या दोन शब्दांवरून रात्र रात्र वाद चालतात. इंटरकूलर पुढं बंपरच्या मागं बसवायचा की इंजिनाच्या डोक्यावर? मोठा घ्यायचा की आटोपशीर?

पण हा वाद आधी गाड्यांचा नव्हताच, तो विमानांचा होता. आणि त्याच्या मुळाशी एक माणूस होता, ज्याच्या कामाला दहा वर्षं कुणी भाव दिला नव्हता.

सॅनफोर्ड मॉस यांचा जन्म १८७२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. सोळाव्या वर्षी पोरगा एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथं दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं काम चालायचं. हवा दाबली की ती तापते, हे त्याला पुस्तकात वाचायच्या आधी हाताला कळलं असणार. याच हवेत इंधन जाळलं आणि त्या गरम वायूवर चक्र फिरवलं तर काय होईल, हा किडा त्याच्या डोक्यात तिथंच शिरला.

पुढं बर्कलीला इंजिनीअरिंग झालं, मग कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. विषय तोच, गॅस टर्बाइन. १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण यंत्राची गंमत अशी की चक्र फिरायचं खरं, मात्र त्यातून जेवढी ताकद मिळायची त्यापेक्षा जास्त ताकद हवा दाबण्यातच जायची. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

तरी जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथल्या कारखान्यात घेतलं. चार वर्षं प्रयोग झाले. १९०७ मध्ये कंपनीनं हिशेब मांडला आणि गॅस टर्बाइनचं काम बंद केलं. मॉस यांना लावलं हवा दाबणारे कॉम्प्रेसर बनवायच्या कामाला. ज्या गोष्टीवर पीएचडी केली, ती फाइल कपाटात गेली.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि ते कपाट पुन्हा उघडलं.

अडचण अशी होती की विमान जसजसं वर जातं तसतशी हवा विरळ होते. इंजिनाला श्वास पुरत नाही आणि ताकद गळायला लागते. यावर उपाय कागदावर होता. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर हवा दाबणारं दुसरं चक्र बसवायचं आणि ती दाबलेली हवा इंजिनात कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी याचं पेटंट १९०५ मध्येच मागितलं होतं आणि फ्रान्समध्ये ऑगस्त रातो विमानाच्या इंजिनावर प्रयोग करत होते. म्हणजे टर्बोचा शोध मॉस यांचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. इंटरनेटवर यात बराच घोळ आहे.

अमेरिकेत विमानविद्येच्या सरकारी समितीचे, म्हणजे आजच्या नासाच्या आधीच्या संस्थेचे, अध्यक्ष होते विल्यम ड्युरँड. ते पूर्वी कॉर्नेलला प्राध्यापक होते. धुरावर फिरणाऱ्या चक्राचा विषय निघाला आणि त्यांना गॅस टर्बाइनच्या मागं लागलेला आपल्या विद्यापीठातला तो पोरगा आठवला.

मॉस यांनी यंत्र बनवलं. खाली जमिनीवर ते चाललंही. पण सगळा प्रश्न उंचीवरचा होता. विमानात बसवून चाचणी घ्यावी तर आकाशात मोजमाप कोण करणार, आणि काही तुटलं तर? म्हणून डोंगर शोधला. कोलोरॅडोमधलं पाइक्स पीक, तेव्हाच्या मोजणीनुसार १४,१०९ फूट. कळसूबाईच्या अडीचपटीहून थोडं जास्तच उंच. वरपर्यंत गाडीरस्ता नुकताच म्हणजे १९१६ मध्ये झालेला. सप्टेंबर १९१८ मध्ये मॉस आणि त्यांची माणसं ट्रकवर १२ सिलिंडरचं लिबर्टी इंजिन लादून त्या रस्त्यानं माथ्यावर गेली.

खाली हे इंजिन ३५० हॉर्सपॉवर द्यायचं. माथ्यावर टर्बोशिवाय चालवलं तर २३०. टर्बो लावून चालवलं तर ३५६.

म्हणजे १४ हजार फुटांवर इंजिन समुद्रसपाटीपेक्षाही जरा जास्तच ताकद देत होतं. दोन महिन्यांत युद्ध संपलं, त्यामुळं त्या युद्धात मॉस यांच्या टर्बोचा उपयोग झालाच नाही. पण फाइल पुन्हा कपाटात गेली नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी टर्बो लावलेलं विमान ३३ हजार फुटांच्या वर नेलं. तिथं ते बेशुद्ध पडले, डोळे गोठले, विमान हजारो फूट खाली कोसळत आलं आणि शेवटच्या टप्प्यात शुद्ध येऊन त्यांनी ते उतरवलं. इंजिन टिकलं, माणूस मरता मरता वाचला.

आता येतो इंटरकूलर.

हवा दाबली की तापते, हे वर्कशॉपमधलं जुनं गणित इथं आडवं आलं. २५ हजार फुटांवर बाहेर उणे ३४ अंश थंडी असते. पण तिथली हवा दाबून समुद्रसपाटीएवढी करायची म्हणजे साधारण पावणेतीन पट दाब. टर्बोतून बाहेर पडताना तीच हवा ८० अंशांच्या आसपास पोचते. गरम हवा पसरते, म्हणून सिलिंडरमध्ये कमी मावते. शिवाय पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन फुटतात. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये हवेचा रेडिएटर टाकायचा. तोच इंटरकूलर.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विमानांवर मॉस यांच्या कामातून आलेले टर्बो होते, पण इंटरकूलर कुठं ठेवायचा हे प्रत्येक विमान कंपनीनं आपापलं ठरवलं. लॉकहीडच्या पी-३८ चा किस्सा मॉडिफिकेशनवाल्यांनी वाचावाच. त्यांनी पंखाची पुढची कडच पोकळ ठेवून तिच्यातून गरम हवा फिरवली. वेगळा डबा नाही, वाऱ्याला अडथळा नाही, दिसायलाही देखणं. सुरुवातीच्या इंजिनांना ते पुरलंही. पण इंजिनं वाढत गेली आणि पंख तेवढाच राहिला. पी-३८ एच मध्ये १४२५ हॉर्सपॉवरची इंजिनं होती, पण इंटरकूलर झेपत नाही म्हणून पूर्ण ताकद वापरताच येत नव्हती. शेवटी पुढच्या जे मॉडेलमध्ये पंखातला कूलर काढून इंजिनाच्या हनुवटीखाली नेहमीसारखा रेडिएटर बसवला. देखणेपण गेलं, ताकद आली, आणि पंखात रिकाम्या झालेल्या जागेत दोन्ही बाजूंना ५५-५५ गॅलनच्या इंधनाच्या टाक्या बसल्या. गंमत म्हणजे युरोपच्या थंडीत आता उलटी तक्रार सुरू झाली, हवा गरजेपेक्षा जास्त गार होते. रिपब्लिकच्या पी-४७ नं तर टर्बो आणि कूलर थेट वैमानिकाच्या मागं, शेपटीकडं नेले. त्यासाठी लांबच लांब पाइप टाकावे लागले आणि विमान अगडबंब झालं. बंपरमागं की इंजिनावर, हा वाद तेव्हाही असाच होता, फक्त किंमत माणसांच्या जिवाची होती.

मॉस १९३८ मध्ये निवृत्त झाले होते, पण युद्धाच्या तयारीत कंपनीनं त्यांना सल्लागार म्हणून परत बोलावलं. १९४० ची कॉलियर ट्रॉफी, म्हणजे अमेरिकी विमानविद्येतला मोठा मान, त्यांना आणि लष्कराच्या हवाई दलाला मिळून मिळाली. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

आणि ते कॉर्नेलचं चक्र? १९४१ मध्ये ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाची आवृत्ती अमेरिकेत बनवायची ठरली, तेव्हा काम मिळालं लिनच्या त्याच कारखान्याला. कारण लालबुंद धुरात फिरणारी चक्रं बनवायचा अनुभव तिथं होता. जेट इंजिन म्हणजे दुसरं काही नाही, ताकद शिल्लक उरणारं गॅस टर्बाइन. २ ऑक्टोबर १९४२ ला अमेरिकेचं पहिलं जेट विमान त्या इंजिनांवर रीतसर उडालं. मॉस यांना ते बघायला मिळालं. नोव्हेंबर १९४६ मध्ये ते गेले.

पाइक्स पीकच्या त्या रस्त्यावर १९१६ पासून गाड्यांची चढाईची शर्यत होते. १९८७ मध्ये वॉल्टर रोर्ल यांनी टर्बो आणि इंटरकूलरवाली ऑडी १० मिनिटं ४८ सेकंदांच्या आत माथ्यावर नेली. आजचा विक्रम ७ मिनिटं ५७ सेकंदांचा आहे. तो २०१८ चा, मॉस यांच्या चाचणीनंतर बरोबर शंभर वर्षांनी झालेला, आणि फोक्सवॅगनची ती गाडी इलेक्ट्रिक होती.