साखरेपुढे थबकणारे जिवाणू

आमच्या वेळापूरच्या परिसरात ऊस आणि साखर हे रोजच्या बोलण्यातले विषय. पण सूक्ष्म जिवाणू साखर कशी खातात, या एका प्रश्नापायी कुणी आयुष्य वेचावे, याचे माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला नवल वाटले. म्हणून झाक मोनो यांचे चरित्र मी आवडीने वाचले.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपणी पोलिओने एक पाय अधू झाला, तरी डोंगर चढण्याची हौस सुटली नाही. चेलो हे तंतुवाद्य ते उत्तम वाजवीत. संगीत की विज्ञान, हा पेच त्यांना बरीच वर्षे पडला होता.

जिवाणूंना ग्लुकोजबरोबर दुसरी एखादी साखर दिली, तर ते बहुधा आधी ग्लुकोज संपवतात, मग थोडे थबकतात आणि नंतर दुसऱ्या साखरेकडे वळतात, असे मोनोंना आढळले. १९४१ साली याच विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. मोनो भूमिगत चळवळीत शिरले आणि कम्युनिस्ट पक्षातही गेले. पण पुढे सोव्हिएत सत्तेने आनुवंशशास्त्र झिडकारणाऱ्या लायसेन्कोला उचलून धरले, तेव्हा १९४८ साली मोनोंनी वृत्तपत्रात लेख लिहून त्याचा उघड निषेध केला. कालच्या सोबत्यांचा रोष पत्करून सत्य सांगणे सोपे नसते.

ते थबकणे मात्र मनातून गेले नव्हते. पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा झाकोब यांच्यासह त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६१ साली उलगडा मांडला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत दुधाची साखर पचवणारी जनुके असतात. एरवी एक प्रथिन त्यांना कुलूप घालून बसते. ती साखर आत आली की तिच्यापासून बनलेला एक रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, कुलूप निघते आणि पाचक विकरे तयार होऊ लागतात. ग्लुकोज हाताशी असेल तर मात्र हे काम मंदच राहते. गरज नसताना शक्ती खर्च करायची नाही, हा त्या इवल्या जीवाचा हिशेब!

१९६५ साली मोनो, झाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये मोनो पाश्चर संस्थेचे संचालक झाले. ३१ मे १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

विज्ञान आपले क्षेत्र नव्हे, असे म्हणून आपण कला शाखेचे विद्यार्थी दूर राहतो. चेलो वाजवणाऱ्या या शास्त्रज्ञाने अशी भिंत मानली नाही. आपण तरी ती का मानावी?