सार्वजनिक काका : एका वकीलपत्राची हकीगत

मूळ नाव मागे पडून ज्यांच्या कार्याचेच नाव त्यांना कायमचे चिकटले, असे पुरुष आपल्या इतिहासात फार थोडे. कै. गणेश वासुदेव जोशी हे त्यांपैकी एक होत. सार्वजनिक सभेचे काका म्हणून ते सार्वजनिक काका झाले आणि पुढे जोशी हे आडनावही पुष्कळांच्या ध्यानात राहिले नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक ओळ येते, आणि त्या ओळीत सभेचे नाव व १८७० हा सन एवढेच असते. आम्ही अनेक वर्षे तीच ओळ मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु काकांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगास आम्ही सर्वांत थोर मानतो तो त्या ओळीत बसणारा नव्हे, म्हणून त्याविषयी चार शब्द येथे लिहीत आहो.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. शिक्षण बेताचेच, आरंभी कचेरीतील लहानशी नोकरी, नंतर पुण्यास आगमन आणि १८६५ च्या सुमारास वकिलीस प्रारंभ, असा त्यांचा पूर्ववृत्तांत थोडक्यात सांगता येईल. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही अशी पुणेकरांची तक्रार होती. ती सरकारपुढे मांडावयाची तर मांडणाऱ्यास लोकांचा अधिकार हवा, हे काकांच्या वकिली बुद्धीने हेरले. त्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. औंधचे पंत प्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. आपल्या वार्षिक सभेत गणपूर्तीची वाट पाहत ताटकळणाऱ्या आम्हां मंडळींनी हा आकडा एकवार मनात घोळवून पाहावा!

कोणाचे तरी वकीलपत्र घेऊन बोलावयाचे, स्वतःच्या नावाने नव्हे, हा काकांचा स्वभावच बनला. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी वस्त्राची शपथ घेतली, स्वतः सूत काढले आणि तेच जाडेभरडे कापड अंगावर घालून १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. राजेरजवाड्यांच्या जरीकिनखापात तो वेष किती उठून दिसला असेल याची कल्पनाच करावी. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ साली स्त्री-विचारवती सभा काढून निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांस हळदीकुंकवासाठी एकत्र बसविले. आमच्या मते हे धैर्य दिल्लीस जाण्याहून तसूभरही कमी नव्हते.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात कुळांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंगे आसपासच्या गावी पसरले. कज्जेदलालीत शेतकरी कसा नागवला जातो हे काकांनी कोर्टात रोज पाहिले होते. तेव्हा त्यांनी पुढाकार घेऊन पुण्यात लवाद कोर्ट सुरू केले. आपसांत तंटे मिटले तर वकिलाच्या पोटावर पाय येतो, हे वकिलास कोणी शिकवावयास नको. तरी काकांनी ते केले. त्यापाठोपाठ १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा पुरे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. काकांची सारी भिस्त अर्जावर, कायद्यावर आणि सनदशीर मार्गावर होती.

नेमकी हीच भिस्त सोडून देणारा एक तरुण त्याच पुण्यात होता. पनवेल तालुक्यातील शिरढोणचा, लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेला वासुदेव बळवंत फडके. स्वदेशीचे व्रत त्यानेही घेतले होते, रानड्यांची व्याख्याने त्यानेही ऐकली होती. दुष्काळातील हाल पाहून मात्र त्याचे मन अर्जांवरून उडाले. त्याने रामोशी जमवून १८७९ च्या फेब्रुवारीपासून दरोडे घातले व सरकारविरुद्ध जाहीरनामे लावले. मे महिन्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांस आगी लागल्या. त्या आगींशी फडक्यांचा संबंध काय असेल तो असो, सरकारची नजर साऱ्या पुण्यावर फिरली. सुशिक्षित मंडळी आणि सार्वजनिक सभाच या बंडाच्या पाठीशी आहे, असा संशय अधिकारी व इंग्रजी वर्तमानपत्रे घेऊ लागली. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्यास बदली झाली.

जुलै १८७९ मध्ये फडके विजापूर बाजूस देवर नावडगी येथे तापाने फणफणले असता पकडले गेले आणि त्यांना पुण्यास आणले. सरकारविरुद्ध युद्धाची जमवाजमव, राजद्रोह, दरोडे असे आरोप होते. त्यांचे वकीलपत्र घेण्यास कोणी पुढे येईना. भीती खोटी नव्हती. ज्याच्या घरी पोलिसाची पायरी चढे त्याच्या अंगणात शेजारी पाऊल टाकीत नसत, असे ते दिवस. अशा वेळी काका पुढे झाले आणि त्यांनी ते काम स्वीकारले. पुढे आनंदाश्रमाची स्थापना करणारे महादेव चिमणाजी आपटे हेही त्या खटल्यात फडक्यांच्या बाजूने उभे राहिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून काकांची अडचण ध्यानी घ्यावी. आरोपीचा मार्ग त्यांना मान्य नव्हता; मान्य असता तर दहा वर्षे त्यांनी अर्ज लिहिण्यात घालविली नसती. दरोडे जेथे पडले ती घरे आपल्याच लोकांची होती. फडक्यांची बाजू घ्यावी तर सभेवरील संशयास बळकटी येणार, म्हणजे स्वतः वाढविलेल्या रोपट्यावर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड. उलट मागे सरावे तर ज्या कायद्याच्या भरवशावर लोकांस सबुरी सांगितली त्या कायद्यापुढे एक माणूस मुका उभा राहणार. मग अर्ज करा, न्याय मागा, हे आणखी कोणाला कोणत्या तोंडाने सांगावयाचे? काकांच्या कृतीचा आम्ही लावलेला अर्थ हा असा आहे. फडक्यांवरील केवळ ममतेने त्यांनी ते वकीलपत्र घेतले असे काही लिहिणारे म्हणतात, ते आम्हांस अपुरे वाटते.

यशाची आशा तर जवळजवळ नव्हतीच. फडक्यांनी स्वहस्ताने लिहिलेली रोजनिशी व आत्मवृत्त सरकारच्या हाती पडले होते, आणि त्यात त्यांनी काही लपविले नव्हते. स्वतःचाच अशिल स्वतःविरुद्ध साक्ष देऊन बसला म्हणजे वकिलाने काय करावे! तथापि खटला एकतर्फी झाला नाही. सेशन कोर्टाने नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. आज निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळावा म्हणून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. काकांच्या काळी तसे काही नव्हते. वकील मनुष्य म्हणून उभा राहिला तरच आरोपीस वकील मिळे.

फडक्यांना १८८० च्या आरंभी एडनच्या तुरुंगात नेण्यात आले. काकांची प्रकृती तेव्हा ढासळली होती. सभा, स्वदेशी, दुष्काळ आणि हा खटला यांत देह झिजला होता. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, वय अवघे ५२. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात एडनच्या तुरुंगातून फडके निसटले, काही मैल धावले आणि पुन्हा धरले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच तुरुंगात त्यांचा अंत झाला.