शब्दांचे जोखड आणि बाबासाहेब



आंजी (मोठी) असो की वर्धा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, आपल्या वाडवडिलांना नाव मोडून, जात लावून हाक मारली जाई. ज्याला माणसाचे नावच उरले नाही, त्याला माणसाचे पाणी नाकारताना कोणाच्या मनाला टोचणी लागणार? आधी हीन शब्द येतो, मागून हीन वागणूक येते. पूज्य बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने वाचा.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागले. शिपाई असेल तरच पाणी मिळे. परदेशात उच्च विद्या घेऊन १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत आले, तर हाताखालचे शिपाई कागद दुरून फेकत. विद्या आली, पण 'अस्पृश्य' हा शब्द पुसला गेला नाही. 'विटाळ' या शब्दाची ताकद पाहा! महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मोकळीक, माणसांना बंदी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्राशन केले, तर तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करण्यात आले.

शब्द गोड असला म्हणून तो सन्मानाचा होतो काय? आपल्याच जिल्ह्यात, शेगाव म्हणजे आजच्या सेवाग्रामात, १९३६ पासून राहणाऱ्या गांधीजींनी 'हरिजन' हा शब्द रूढ केला होता. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत तो कायद्यात घालण्याचे ठरले. भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. बहुमताने ती फेटाळताच बाबासाहेब सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना न विचारता ठेवलेले नाव त्यांना मान्य नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. 'बौद्ध' हे नाव कोणी लादले नाही, आपण ते स्वतः स्वीकारले. अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आज जातीवरून जाहीर अपमान करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णयही महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. परंतु कायदा दुसऱ्याच्या जिभेला आवर घालील. आपल्या जिभेला आवर घालणे हे सम्यक वाचेचे काम आहे. आपणच घरात सुनेला किंवा गावात दुसऱ्या जातीच्या माणसाला हिणवू लागलो, तर बाबासाहेबांनी फेकून दिलेले जोखड उचलून दुसऱ्याच्या मानेवर ठेवल्यासारखे होईल.

मुलांना चांगली नावे ठेवा, आणि त्यांना पूर्ण नावानेच हाक मारा.