जॅक शेपर्ड

जॅक शेपर्ड (४ मार्च, १७०२ – १६ नोव्हेंबर, १७२४) हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये गाजलेला चोर व घरफोड्या होता. त्याचे मूळ नाव जॉन शेपर्ड. त्याची गुन्हेगारी कारकीर्द उणीपुरी दोन वर्षांची होती आणि लुटीच्या हिशेबाने पाहता तिच्यात असामान्य असे फारसे काही नाही. तो प्रसिद्धीस आला तो पलायनांमुळे. १७२४च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो चार वेळा कैदेतून निसटला. त्यांतील दोन पलायने पक्क्या बंदोबस्तासाठी ओळखल्या जाणाऱ्या न्यूगेटच्या तुरुंगातून होती. या प्रसिद्धीत वृत्तपत्रे, स्वस्त चोपड्या, एकपानी पत्रके व छापील चित्रे यांचा वाटा मोठा होता. शेपर्डविषयी आज जे माहीत आहे, त्यातील बहुतांश याच साहित्यातून आले आहे. हे साहित्य खपासाठी लिहिले गेले होते, ही गोष्ट त्याचे चरित्र वाचताना ध्यानात ठेवावी लागते. (या लेखातील तारखा इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहेत.)

बालपण आणि उमेदवारी

शेपर्डचा जन्म लंडनच्या पूर्वेकडील स्पिटलफील्ड्स या कारागिरांच्या वस्तीत झाला. त्याच्या आधी जन्मलेला एक भाऊ दगावला होता, त्याचेच नाव याला देण्यात आले. वडील सुतार होते. ते जॅकच्या लहानपणीच वारले आणि आईला मोलमजुरीवर संसार ओढावा लागला. सहाव्या वर्षी तिने मुलाला बिशप्सगेटजवळच्या एका अनाथ-गरिबांच्या कार्यशाळेत ठेवले. तेथून त्याला वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या कारागिराकडे कामाला लावण्यात आले. तो कारागीर वारला आणि दुसऱ्याने मुलाला वाईट वागवले.

दहाव्या वर्षी तो विल्यम नीबोन या लोकरी कापडाच्या व्यापाऱ्याकडे दुकानातला पोऱ्या म्हणून लागला. आई त्याच घरी नोकरीस होती. नीबोनने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि २ एप्रिल १७१७ रोजी ओवेन वुड या सुताराकडे सात वर्षांच्या उमेदवारीच्या करारावर बसवून दिले. या नीबोनचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पाच वर्षे शेपर्डने काम चांगले केले. विशीतला शेपर्ड सुमारे १६३ सेंटिमीटर उंचीचा, किरकोळ बांध्याचा व फिकट चेहऱ्याचा होता. तो बोलताना किंचित अडखळे, तरी बोलण्यात विनोदी होता. कुलपे, कड्या, तुळया आणि लाकडी छते कशी बसवतात हे त्याला हाताने ठाऊक होते. याच ज्ञानाचा पुढे उपयोग झाला. त्याच्या पलायनांत अद्भुत असे काही शोधण्याऐवजी त्याची सुतारकी पाहिली, तर ती अधिक नीट समजतात.

चोरीकडे

ड्रुरी लेनजवळच्या ब्लॅक लायन या दारूच्या गुत्त्यात त्याची एलिझाबेथ लायनशी ओळख झाली. ती एजवर्थ बेस या नावाने ओळखली जाई. जोसेफ ब्लेक ऊर्फ ब्लूस्किन हा साथीदारही त्याला तेथेच भेटला. १७२३च्या वसंत ऋतूत एका खानावळीतून त्याने चांदीचे दोन चमचे लांबवले. ही त्याची पहिली चोरी समजली जाते. सुतारकामासाठी ज्या घरांत जावे, तेथूनच वस्तू उचलण्याचा क्रम मग सुरू झाला. ऑगस्ट १७२३ मध्ये, मुदत संपायला एका वर्षाहूनही कमी काळ उरला असताना, त्याने उमेदवारी सोडली. त्याचा भाऊ थॉमस हाही सुतारच होता आणि चोरीत त्याच्यासोबत होता. एप्रिल १७२४ मध्ये थॉमस पकडला गेला आणि फाशीच्या भीतीने त्याने भावाचे नाव सांगितले.

ही भीती अनाठायी नव्हती. रात्रीची घरफोडी, वाटमारी, तसेच राहत्या घरातून ४० शिलिंग वा त्याहून अधिक किमतीच्या मालाची चोरी या गुन्ह्यांना कायद्याने देहदंड होता. शहरात पगारी पोलीसदल नव्हते. त्याऐवजी वाटमाऱ्याला वा घरफोड्याला दोषी ठरवून देणाऱ्यास सरकार ४० पौंड इनाम देई. ही रक्कम मजुराच्या वर्षभराच्या मजुरीहून अधिक होती. त्यामुळे चोर पकडून देणे हाच एक धंदा होऊन बसला.

या धंद्यातील सर्वांत बडे प्रस्थ म्हणजे जोनाथन वाइल्ड. तो वृत्तपत्रांतून हरवलेल्या वस्तूंच्या जाहिराती देई आणि चोरीचा माल मालकांना बक्षिसाच्या बदल्यात परत मिळवून देई. तो माल चोरणारे बहुतेक चोर त्याच्याच हाताखालचे असत आणि जो त्याला जुमानत नसे, त्याला तो फाशीपर्यंत पोचवून इनाम घेई. लोकांना तो शांततेचा रक्षक वाटे. शेपर्डने आपला माल वाइल्डमार्फत विकण्यास नकार दिला आणि त्याचे वैर ओढवून घेतले.

पहिली दोन पलायने

एका ओळखीच्या माणसाने इनामाच्या लोभाने शेपर्डला पकडून दिले, तेव्हा त्याला सेंट जाइल्सच्या चौकीत वरच्या मजल्यावर एका रात्रीसाठी कोंडण्यात आले. तीन तासांच्या आत तो छत फोडून, अंथरुणाच्या कापडाच्या गाठी मारलेल्या दोराने खाली उतरला. खाली गर्दी जमली होती. तिच्यात मिसळून त्याने छपरावर चोर दिसत असल्याचे इतरांना बोटाने दाखवले आणि स्वतः निघून गेला, अशी कथा सांगितली जाते.

मे महिन्यात खिसा कापताना तो पुन्हा सापडला. भेटायला आलेल्या एलिझाबेथलाही अटक झाली आणि दोघांना क्लार्कनवेलच्या न्यू प्रिझनमध्ये एकाच खोलीत ठेवण्यात आले. २५ मे रोजी बेड्या कापून, खिडकीचा गज काढून दोघे खाली उतरले, ते नेमके शेजारच्या दुसऱ्या तुरुंगाच्या आवारात. मग साडेसहा मीटरहून उंच फाटक चढून दोघे बाहेर पडले.

नीबोनची घरफोडी आणि शिक्षा

१२ जुलै १७२४च्या रात्री शेपर्डने ज्या घराची माहिती त्याला लहानपणापासून होती, ते नीबोनचे घर फोडले आणि शंभराहून अधिक वार कापड नेले. ज्या माणसाने अक्षरओळख करून दिली, त्याच्याच घरी केलेली ही चोरी अखेर त्याच्या गळ्याशी आली. त्याच्या चाहत्या लेखकांनी या प्रसंगावरून भराभर पुढे जाणे पसंत केले आहे. त्याच महिन्यात त्याने ब्लूस्किनसह हॅम्पस्टेडच्या रस्त्यावर वाटमारीही करून पाहिली.

वाइल्डने एलिझाबेथला दारू पाजून शेपर्डचा ठावठिकाणा काढून घेतला. ऑगस्टमध्ये ओल्ड बेली न्यायालयात त्याच्यावर तीन आरोप ठेवण्यात आले. पहिले दोन पुराव्याअभावी टिकले नाहीत. तिसऱ्यात नीबोन, वाइल्ड आणि चोरीचा माल घेणारा विल्यम फील्ड यांच्या साक्षी झाल्या व शेपर्डला फाशीची शिक्षा झाली.

४ सप्टेंबर हा फाशीचा दिवस ठरल्याचा हुकूम ३१ ऑगस्टला तुरुंगात पोचला. त्याच दिवशी शेपर्ड नाहीसा झाला. भेटीच्या झरोक्याचा एक गज त्याने आधीच ढिला करून ठेवला होता. एलिझाबेथ व तिच्या मैत्रिणीने पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवले आणि तो त्या फटीतून निघून बायकी वेषात बाहेर पडला. ९ सप्टेंबरला फिंचलीच्या माळावर तो पुन्हा पकडला गेला.

न्यूगेटचे दुसरे पलायन

या वेळी त्याला किल्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भक्कम खोलीत, जमिनीतील लोखंडी कड्यांना साखळदंडाने जखडून ठेवण्यात आले. एका खिळ्याने आपण कुलूप उघडू शकतो, हे त्याने स्वतःच तुरुंगाधिकाऱ्यांना करून दाखवले. परिणामी हातकड्याही पडल्या.

ऑक्टोबरच्या मध्यास, तुरुंगालगतच्या ओल्ड बेलीत ब्लूस्किनने वाइल्डचा गळा चाकूने चिरण्याचा प्रयत्न केला. वाइल्ड वाचला, पण बराच काळ अंथरुणाला खिळला. या गोंधळाच्या दिवसांतच, १५ ऑक्टोबरला, शेपर्डने हातकड्या काढल्या आणि पायांत बेड्या असतानाच तो धुराड्यातून वर चढू लागला. वाट अडवणारी लोखंडी पहार त्याने भिंत पोखरून काढली आणि तेच हत्यार केले. वरची खोली सुमारे सात वर्षे उघडलेली नव्हती. एकामागून एक सहा बंद दारे फोडत तो तुरुंगाच्या प्रार्थनागृहातून छपरावर पोचला. तेथून शेजारच्या घराचे छप्पर खूपच खाली होते. तेव्हा तो आला त्याच वाटेने कोठडीपर्यंत परत गेला, पांघरूण घेतले आणि पुन्हा वर आला. या एका फेरीची हिंमत कदाचित सगळ्या पलायनाहून मोठी होती. मग शेजारच्या कातारी कारागिराच्या घरात उतरून, घरातील कोणाची झोप न मोडता, मध्यरात्रीच्या सुमारास तो रस्त्यावर आला.

टॉटनहॅमच्या एका गोठ्यात तो काही दिवस लपला. पायांतील बेड्या काढण्यासाठी त्याने एका चांभाराला २० शिलिंग देऊन लोहाराची हत्यारे मागवली. त्यानंतर त्याने लंडनबाहेर जायला हवे होते. पण तो परतला, २९ ऑक्टोबरला ड्रुरी लेनमधील गहाणवटीचे दुकान फोडले, तेथील काळा रेशमी पोशाख, तलवार, अंगठ्या व टोप चढवून दोन मैत्रिणींसह गावभर पीत हिंडला. १ नोव्हेंबरला पहाटे तो नशेतच पकडला गेला.

छापील शेपर्ड

इंग्लंडात छपाईपूर्व परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला आणि वृत्तपत्रांची संख्या वाढत गेली. इंग्रजीतील पहिले दैनिक शेपर्डच्या जन्मानंतर आठवड्याभरातच निघाले, हा निव्वळ योगायोग आहे. गुन्हेगारीवरील छापील साहित्य मात्र त्याआधीपासून रुळलेले होते. ओल्ड बेलीतील खटल्यांचे वृत्तान्त १६७०च्या दशकापासून प्रसिद्ध होत. न्यूगेटचा धर्मोपदेशक फाशी गेलेल्यांचे चरित्र, कबुली व पश्चात्ताप यांचे वर्णन छापून विके आणि ती त्याची मोठी कमाई असे. या वृत्तान्तांचा साचा ठरलेला असे: लहानपणी आज्ञाभंग, मग वाईट संगत, दारू, चोरी आणि शेवटी फाशीच्या तख्तावर उपरती.

शेपर्ड या साच्यात बसला नाही. तो धर्मोपदेशकांची थट्टा करी आणि एक कानस अनेक बायबलांपेक्षा उपयोगी असल्याचे सांगे. जॉन ॲपलबी या मुद्रकाने १९ ऑक्टोबरला, म्हणजे शेपर्ड अजून मोकळाच असताना, त्याचे चरित्र बाजारात आणले. पुढच्या महिन्यात त्यानेच शेपर्डच्या तोंडून, प्रथमपुरुषी लिहिलेला दुसरा वृत्तान्त काढला. दोन्ही पुस्तिका दीर्घकाळ रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनियल डीफो याच्या नावावर मोडत आल्या आहेत, परंतु अलीकडच्या अभ्यासकांपैकी काहींनी हे कर्तृत्व अमान्य केले आहे. दुसऱ्या पुस्तिकेतील शब्द कितपत शेपर्डचे, हेही त्यामुळे अनिश्चितच राहते. भुरटेपणा मान्य करणारा, पण खबऱ्यांना व वाइल्डसारख्यांना चोराहून नीच मानणारा शेपर्ड या पुस्तिकेतच प्रथम ठळकपणे दिसतो.

कैदेतही त्याची विक्री चालूच होती. सुमारे १३६ किलो वजनाच्या लोखंडाने जखडलेल्या शेपर्डला पाहण्यासाठी तुरुंगाचे रखवालदार चार-चार शिलिंग घेत. राजचित्रकार जेम्स थॉर्नहिलने कोठडीत त्याचे चित्र रेखाटले व त्यावरून छापील प्रती निघाल्या. फाशीऐवजी समुद्रापार वसाहतीत पाठवावे, असा अर्ज काही प्रतिष्ठितांनी राजा पहिला जॉर्ज याच्याकडे केला.

मृत्यू

१० नोव्हेंबरला त्याला वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात नेण्यात आले. शिक्षा आधीच झालेली असल्याने केवळ ओळख पटवणे बाकी होते. साथीदारांची नावे सांगितल्यास सूट मिळण्याची शक्यता त्याच्यापुढे ठेवण्यात आली, ती त्याने झिडकारली. दुसऱ्याच दिवशी ब्लूस्किन फाशी गेला.

१६ नोव्हेंबर १७२४ रोजी, सोमवारी, त्याला गाडीतून टायबर्नला नेण्यात आले. निघण्यापूर्वी त्याच्याजवळ लपवलेला चाकू सापडला. वाटेत दोर कापून गर्दीत उडी घेण्याचा त्याचा बेत असावा. दोन लाख लोक जमल्याचे सांगितले जाते. तेव्हाच्या लंडनच्या लोकसंख्येचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होतो, म्हणून आकडा जपूनच घ्यावा. त्याच्या वृत्तान्ताच्या प्रती याच गर्दीत विकल्या जात होत्या.

अंगाने हलका असल्यामुळे त्याला मरण लवकर आले नाही. सुमारे १५ मिनिटांनी देह उतरवला गेला. ताबडतोब शेक व उपचार देऊन त्याला जिवंत करण्याची मित्रांची योजना होती, असे म्हणतात. पण फाशी गेलेल्यांची प्रेते विच्छेदनासाठी शल्यवैद्य पळवीत, हे लोकांना माहीत होते. देह न्यायला आलेले हे त्यांचेच हस्तक, असे समजून जमावाने त्यांना रोखून धरले. त्याच्यावरील लोकांची माया त्याच्या शेवटच्या सुटकेच्या आड आली, असे ही कथा खरी मानल्यास म्हणावे लागते. त्याच रात्री सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्सच्या आवारात त्याला पुरण्यात आले. तो २२ वर्षांचा होता.

नंतरचा काळ

वाइल्डही फार काळ उरला नाही. चोराला न पकडवता चोरीचा माल परत करण्याबद्दल पैसे घेणे हा १७१८च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. त्याच कलमाखाली २४ मे १७२५ रोजी तो टायबर्नला फाशी गेला. वर्षभरापूर्वी त्याचा आदर करणाऱ्या शहराने त्याच्यावर दगड-माती फेकली.

शेपर्डच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आतच ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याच्या पलायनांवर मूकनाट्य झाले. जॉन गे याच्या १७२८च्या द बेगर्स ऑपेरा या संगीतिकेतील वाटमाऱ्या मॅकहीथमध्ये शेपर्डची आणि पीचममध्ये वाइल्डची छाया आहे, असे सामान्यतः मानले जाते. विल्यम हॅरिसन एन्सवर्थची शेपर्डवरील कादंबरी १८३९ पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह ती अफाट खपली व तिची अनेक नाट्यरूपे झाली. १८४० मध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाबद्दल फाशी गेलेल्या त्यांच्या नोकराने या कादंबरीचे नाव घेतल्याची चर्चा झाली. त्यानंतर शेपर्डचे नाव शीर्षकात असलेल्या नव्या नाटकांना लंडनमध्ये सुमारे ४० वर्षे परवाना मिळत नव्हता.

बेर्टोल्ट ब्रेख्तने १९२८ मध्ये गेच्या संगीतिकेवरून थ्रीपेनी ऑपेरा हे जर्मन नाटक रचले. त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेले तीन पैशाचा तमाशा हे नाटक पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले.