विश्लेषण : कंडेन्सर गेला की मोटर नुसती घुं घुं का करते? टेस्ला यांच्यासमोरही हाच पेच होता!

बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या गावात शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. घरातला पंखा, घरघंटी आणि पाण्याची लहान मोटर मात्र सिंगल फेजवर चालते. कंडेन्सर खराब झाला की ही मोटर फिरत नाही, जागेवर घुं घुं करते. वेळीच बंद केली नाही तर वायंडिंग जळते. असे का होते, हे निकोला टेस्ला यांच्या आयुष्याकडे पाहिले की समजते.

ठिणग्यांवरून सुचली मोटर
टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिलियान गावी झाला. ग्राझला शिकताना त्यांनी एक डीसी यंत्र पाहिले. त्याच्या ब्रशमधून ठिणग्या उडत होत्या; मिक्सरच्या मोटरमध्ये आजही उडतात. ब्रशशिवाय मोटर चालवायची, हे त्यांच्या डोक्यात बसले. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना मार्ग सापडला. दोन कॉइलमध्ये थोडे मागेपुढे चालणारे एसी प्रवाह सोडले, तर चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि रोटरला सोबत ओढते. इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनीही स्वतंत्रपणे हेच शोधले.

खंदक खणण्याची वेळ
१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला गेले. एडिसन यांच्याकडची नोकरी काही महिन्यांतच सुटली. पुढे स्वतःची कंपनीही हातची गेली आणि पोटासाठी खंदक खणावे लागले. अखेर १ मे १८८८ रोजी मोटरची पेटंट मिळाली. त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस यांनी हक्क घेतले.

मोटर तयार, पण वीज कुठली?
खरी अडचण पिट्सबर्गमध्ये आली. वेस्टिंगहाऊस यांच्या लाइन सिंगल फेजच्या होत्या, टेस्ला यांच्या मोटरला दोन फेज हवे होते. मोटर काही वर्षे मागे पडली.

एकाच फेजचे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होते. त्यामुळे थांबलेल्या रोटरला कोणत्याच दिशेने ओढ मिळत नाही. उपाय म्हणजे दुसरी, स्टार्टिंग वायंडिंग. तिच्याशी जोडलेला कंडेन्सर प्रवाहाला सुमारे पाव आवर्तन पुढे नेतो. एका फेजमधून जणू दोन फेज तयार होतात आणि रोटर फिरू लागतो. अनेक मोटरमध्ये सुमारे ७५ टक्के वेग आला की सेंट्रिफ्युगल स्विच ही वायंडिंग तोडतो. नंतर मुख्य वायंडिंगवरच मोटर चालते. फेज असे विभागण्याच्या पद्धतींची पेटंटही टेस्ला यांनी घेतली.

१८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली, तीही त्यांच्याच पद्धतीने. टेस्ला मात्र ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेलातील खोलीत एकटेच वारले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

हे लक्षात ठेवा
मोटर घुं घुं करू लागली तर हाताने फिरवून पाहू नका. आधी स्विच बंद करा, मग इलेक्ट्रिशियनकडून कंडेन्सर तपासून घ्या. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज उरलेला असू शकतो.