योझेफ मारेक : कोंबड्यांच्या कर्करोगाला नाव देणारा पशुवैद्यक

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली एक लस टोचली जाते. महाराष्ट्रातल्या उबवणी केंद्रांतही हा रोजचा शिरस्ता आहे. ज्या रोगासाठी हे सारे चालते, त्याला कुक्कुटपालक 'मरेक्स' म्हणतात. हे नाव एका माणसाचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

योझेफ मारेक यांचा जन्म १८६८ साली तेव्हाच्या हंगेरीतील, आता स्लोव्हाकियात असलेल्या एका खेड्यात झाला. बुडापेस्टच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि पुढे तेथेच प्राध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी फेरेंत्स हुतिरा यांच्यासमवेत त्यांनी पाळीव जनावरांच्या रोगांवर लिहिलेला ग्रंथ अनेक भाषांत गेला आणि पशुवैद्यकांच्या काही पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. जनावरांचा मुडदूस आणि यकृतातील कृमींचा उपद्रव हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

१९०७ साली त्यांनी चार कोंबड्यांविषयी एक निबंध जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या कोंबड्यांचे पाय व पंख लुळे पडले होते. शवविच्छेदनात त्यांचे मज्जातंतू जाड झालेले व पेशींनी गच्च भरलेले आढळले. मारेक यांनी त्याला मज्जातंतूंचा दाह म्हटले. या रोगात गाठीही होतात, हे १९२०च्या दशकात अमेरिकेतील पॅपेनहायमर, डन आणि कोन या संशोधकांनी दाखवले. रोगामागे विषाणू आहे, हे सिद्ध होण्याआधीच, १९५२ साली, मारेक यांचे बुडापेस्ट येथे निधन झाले. त्याआधी तीन वर्षे, १९४९ साली, हंगेरीचा मानाचा कोशुत पुरस्कार त्यांना लाभला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोंबड्या हजारोंच्या संख्येने एकाच छपराखाली पाळल्या जाऊ लागल्या आणि हा रोग उग्र झाला. १९६०च्या सुमारास त्याला मारेक यांचे नाव देण्यात आले. १९६७ साली इंग्लंडमध्ये चर्चिल व बिग्ज यांनी त्याचा विषाणू ओळखला. तो नागिणीच्या, म्हणजे हर्पिस कुळातला निघाला. तो पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्यासह हवेत पसरतो, श्वासावाटे पिल्लाच्या शरीरात शिरतो आणि तेथील पांढऱ्या पेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेतो.

अवघ्या दोन वर्षांत, १९६९ साली, इंग्लंडमध्ये या विषाणूला दुर्बल करून पहिली लस तयार झाली. पाठोपाठ अमेरिकेत टर्की पक्ष्यातील निरुपद्रवी विषाणू लशीसाठी वापरात आला आणि १९७२ साली हॉलंडमध्ये रिस्पेन्स यांनी सौम्य जातीची लस दिली. हे विषाणू जिवंतच असावे लागतात. ते बहुधा पेशींच्या आत राहतात, म्हणून लसही जिवंत पेशींच्या रूपात द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. टोचल्यावर ते पिल्लाच्या शरीरात वाढतात, मुक्काम करतात आणि खरा शत्रू येण्यापूर्वीच प्रतिकारशक्तीला जागे करतात. कर्करोगाविरुद्ध सर्रास वापरली गेलेली ही पहिली लस. माणसासाठी कावीळ-बी प्रतिबंधक लस आली ती त्यानंतर सुमारे दशकभराने.

मात्र या विजयाला एक उणी बाजू आहे. लस गाठी रोखते, पण संसर्ग रोखत नाही. लस टोचलेली कोंबडी सुदृढ दिसते, तरी रानटी विषाणू तिच्या पिसांतून बाहेर पडतच राहतो. मारेक यांच्या काळातला सौम्य रोग पुढे दर काही दशकांनी अधिक जहाल होत गेला. लस घेतलेल्या कोंबड्या जगतात आणि त्यामुळे अतिजहाल विषाणूलाही पसरण्यास अवधी मिळतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. लस न टोचलेल्या पक्ष्याला अशा विषाणूपुढे निभाव लागत नाही. म्हणूनच टोचणी थांबवणे परवडणारे नाही, आणि निव्वळ टोचणीवर विसंबून शेडची स्वच्छता सोडणेही नाही.

मारेक यांनी ना विषाणू पाहिला, ना लस. त्यांनी चार लुळे कोंबडे मात्र बारकाईने पाहिले आणि जे दिसले तेवढेच लिहिले. पुढचा सारा डोलारा त्या प्रामाणिक नोंदीवर उभा आहे.